साखर दिसली की गप्प होणारा

दिसायला हा अगदीच किरकोळ. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर सोन्याच्या दोन बारीक पट्ट्या, त्यांच्यामधल्या फटीत फिकट निळसर डाग, आणि त्या डागावर खारट पाण्याचा एक थेंब. डाग म्हणजे एक पडदा आहे. किती पातळ, तर आपल्या केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. माहीत नसलेला माणूस तो रुमालाने पुसून टाकेल. ट्रान्झिस्टरांच्या घराण्यातला हा कार्बनी रेणूंचा बनलेला सभासद. पूर्ण नाव सेंद्रिय विद्युत-रासायनिक ट्रान्झिस्टर. प्रयोगशाळेतली मंडळी आद्याक्षरांवरून ‘ओईसीटी’ म्हणतात. याच्याकडून करून घेतलेल्या अनेक कामांपैकी एक म्हणजे थेंबातली साखर सांगणं. पण सांगण्याची तऱ्हा वेगळी. एरवी उपकरणाला काही सापडलं की ते ओरडतं, काटा वर जातो, दिवा लागतो. हा आधीपासून बोलत असतो आणि साखर आली की गप्प होत जातो.

घराण्याशी याचं पटत नाही ते पाण्यावरून. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर पाण्याला भितात. मोबाइल बादलीत पडला की घरभर जी धावपळ उडते ती त्या भीतीपोटीच. याला कोरडं ठेवलं तर मात्र हा नुसताच डाग. थेंब पडला की कामाला लागतो, आणि थेंबही निव्वळ पाण्याचा चालत नाही, त्यात मीठ हवं. रक्त, लाळ, घाम, अश्रू ही सगळी खारट पाण्याचीच रूपं असल्यामुळे आपल्या शरीराशी याचं जितकं जमतं तितकं सिलिकॉनचं जमत नाही.

पडद्याच्या पोटात दोन पॉलिमर एकमेकांत गुंतलेले असतात. एकाचं नाव पेडॉट, दुसऱ्याचं पीएसएस. पेडॉटमधून वीज वाहते. पीएसएस ऋण भार बाळगून त्याला वाहता ठेवतो. सोन्याच्या दोन पट्ट्यांमध्ये थोडा विद्युतदाब दिला की प्रवाह सुरू. थेंबात तिसरा एक धातूचा तुकडा बुडवलेला असतो, तो गेट. गेटला अर्ध्या व्होल्टच्या आसपास धन दाब दिला की पाण्यातले सोडियमसारखे धन आयन पडद्यात शिरतात, पेडॉटमधले वाहक भार निकामी करतात, आणि प्रवाह मंदावतो. त्याच वेळी पडद्याचा फिकट निळा रंग गडद होतो. म्हणजे याचं गप्प होणं डोळ्यांनीही दिसतं.

यातली खुबी ‘शिरतात’ या क्रियेत आहे. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटचा हुकूम पृष्ठभागापुरता चालतो. मध्ये ऑक्साइडचा थर आडवा असतो. इथे आडवं कुणीच नाही. आयन पडद्यात वरपासून तळापर्यंत पसरतात, सगळा पडदा हुकूम पाळतो. त्यामुळे गेटवर काही मिलिव्होल्टांचा फरक पडला तरी पट्ट्यांमधल्या प्रवाहात चांगला मोजण्याजोगा फरक दिसतो. कुजबुज ऐकून मोठ्याने सांगणारा असा हा गडी आहे. आणि हे सगळं एका व्होल्टच्या आत. त्याच्या फार वर गेलं तर पाण्याचंच विघटन सुरू होईल.

हळू आहे, हे मान्य करावं लागेल. आयनांना आत-बाहेर करायला वेळ लागतो. संगणकाच्या चिपमधले याचे भाऊबंद सेकंदाच्या अब्जाव्या भागात उघडझाप करतात. हा हजाराव्या भागात घुटमळतो. संगणक बनवायला याला कुणी घेणार नाही. पण अंगातली साखर मिनिटामिनिटाने बदलते. तिच्यासाठी हा वेग पुरून उरतो.

याचं कूळ काढायचं तर आधी प्लॅस्टिकमधून वीज वाहू शकते यावर कुणाचा तरी विश्वास बसायला हवा होता. तो १९७७ साली बसला. त्याआधीच जपानमध्ये हिदेकी शिराकावा काम करत होते त्या प्रयोगशाळेत एका प्रयोगात उत्प्रेरक चुकून हजारपट पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकाकणारा पापुद्रा हाती आला. अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्याबरोबर शिराकावांनी १९७७ साली अशा पापुद्र्यावर आयोडीनची क्रिया केली आणि तो धातूसारखा वीजवाहक झाला. तिघांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्क राइटन आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या सूक्ष्म पट्ट्यांवर पॉलिपायरोल नावाचं वाहक पॉलिमर चढवलं आणि द्रावणात बुडवून त्याचा ट्रान्झिस्टर केला. आपल्या नायकाचा जन्म तो.

पेडॉट मात्र वेगळ्या वस्तीतून आला. जर्मनीच्या बायर कंपनीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो तयार झाला, आणि पीएसएसच्या जोडीने पाण्यात मिसळता येऊ लागल्यावर त्याला नोकरी लागली ती कॅमेऱ्याच्या फिल्मवर. रीळ उलगडताना घर्षणाने स्थिर वीज साठते, ठिणगी पडते, फोटोवर डाग उठतो. तो उठू नये म्हणून फिल्मला पेडॉटचा लेप देत. कॅमेऱ्याची फिल्म गेली, लेप राहिला. ज्याला आज अंगातल्या साखरेचा सुगावा लावायला बसवलं आहे तो मूळचा ठिणग्या थोपवणारा कामगार आहे, आणि म्हणूनच स्वस्त आहे. गडद निळ्या शाईच्या रूपात बाटलीत मिळतो. फिरत्या चकतीवर टाकून पसरवता येतो, छापताही येतो.

आता पवईकडे वळायला हवं. साखर आणि वाहक पॉलिमर यांची गाठ घालून देणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत मुंबईचे लोक होते, आणि ही गोष्ट मुंबईत फारशी कुणाला ठाऊक नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत ए. क्यू. काँट्रॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिअॅनिलिन या वाहक पॉलिमरच्या थरात एन्झाइम अडकवून ग्लुकोज मोजणारं संवेदक केलं. १९९२ साली ‘अॅनालिटिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात त्याचा निबंध आला. १९९६ साली त्याच नियतकालिकात त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: एकाच मालिकेत ग्लुकोज, युरिया आणि ट्रायग्लिसराइड ओळखणारे संवेदक. मधुमेहाच्या रुग्णाचा डॉक्टर ज्या चाचण्या एका कागदावर लिहून देतो त्यांतल्या तीन एका तुकड्यावर. तेव्हा हातोहाती मोबाइल नव्हता, ‘वेअरेबल’ हा शब्द फारसा कुणी ऐकला नव्हता.

पॉलिअॅनिलिनची एक खोड होती. त्याला आम्ल लागतं. आम्लात ते हिरवं आणि वाहक असतं; आम्लता उतरली की निळं पडतं आणि वीज वाहून नेणं सोडतं. एन्झाइम साखरेचं आम्ल करतं, आम्लाने थराची वाहकता बदलते, ती मोजायची, अशी त्या काळातली सोय होती. पण रक्ताचा सामू ७.४ आहे, म्हणजे जवळजवळ उदासीन. तिथे पॉलिअॅनिलिन मुळातच मरगळलेलं. हा तिढा सुटला तो पेडॉटमुळे. त्याला आम्ल असो नसो, फरक पडत नाही. २००४ साली कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज मालियारास यांच्या गटाने पेडॉट-पीएसएसचा साधा ट्रान्झिस्टर घेऊन उदासीन द्रावणात ग्लुकोज ओळखून दाखवलं. निबंधाच्या शीर्षकातच ‘उदासीन सामूवर’ असं आवर्जून लिहिलेलं होतं. बाहेरच्याला ते शब्द किरकोळ वाटतील. पॉलिअॅनिलिनशी झुंजलेल्यांना त्यातला सुटकेचा निःश्वास ऐकू आला असणार.

इतका वेळ साखर ओळखण्याचं श्रेय मी यालाच देत आलो, पण साखर याला ओळखता येत नाही. ते काम दुसऱ्याचं. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम गेटवर चिकटवलेलं असतं. चाळीतल्या कांद्याच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते ना, ती अॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी. शेतकरी तिला शिव्या घालतो. त्याच जातीच्या बुरशीत डेटलेव म्युलर यांना १९२८ साली हे एन्झाइम सापडलं, आणि आजही त्याचं उत्पादन याच बुरशीपासून घेतात. ते इतकं चोखंदळ आहे की उसाची साखर, फळांतली साखर यांच्या गर्दीतून ग्लुकोज तेवढं निवडतं. १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी हे एन्झाइम ऑक्सिजन मोजणाऱ्या विद्युताग्रावर बसवण्याची कल्पना मांडली. आज जगभर लोक बोट टोचून जी पट्टी भिजवतात तिचं घराणं तिथून सुरू होतं.

तर बुरशीची लेक आणि फिल्मवरचा लेप यांचा संसार असा चालतो. थेंबात ग्लुकोज आलं. एन्झाइमने त्याचं ऑक्सिडीकरण केलं. त्या खटाटोपात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं, जखमेवर घातलं की फसफसतं तेच. ते प्लॅटिनमच्या गेटवर पोचलं आणि तिथे आपले इलेक्ट्रॉन सोडून मोकळं झालं. या देवघेवीमुळे गेटच्या पृष्ठभागाशी वाया जाणारा दाब कमी झाला, म्हणजे तेवढाच जास्त दाब पडद्याच्या वाट्याला आला. आणखी आयन पडद्यात शिरले. प्रवाह उतरला. साखर जितकी जास्त, तितका हा गप्प. हे गणित २००८ साली मालियारास यांच्याच गटाने नीट मांडून दाखवलं. तोवर हा गप्प का होतो याबद्दल लोकांचे तर्कच जास्त होते.

याच्या कानांची कीर्ती वाढली ती हाँगकाँगमध्ये. तिथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठात फेंग यान यांच्या गटाने २०११ साली प्लॅटिनमच्या गेटवर प्लॅटिनमचेच अतिसूक्ष्म कण बसवले आणि हा ५ नॅनोमोलर इतकं विरळ ग्लुकोज ओळखू लागला. त्या कणांविना जेवढं जमत होतं त्याच्या हजारपट बारीक. ५ नॅनोमोलर म्हणजे किती, हे आपल्याकडे टँकरच्या भाषेत सांगितलं तर लवकर कळेल. दहा हजार लिटरचे साडेपाचशे टँकर ओळीने उभे करा, सगळ्यांच्या पाण्यात मिळून एक चमचा, पाच ग्रॅम, ग्लुकोज ढवळा. त्या पाण्याचा एक थेंब याला पुरतो.

आणि इथेच मला हात वर करून विचारावंसं वाटतं: कशासाठी?

निरोगी माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं आणि त्या सगळ्या रक्तात मिळून तोच एक चमचा ग्लुकोज असतो. उपाशीपोटी ७० ते १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे ५ मिलिमोलरच्या आसपास. हाँगकाँगच्या थेंबाच्या दहा लाख पट. रक्तात साखर मुळी लपलेलीच नाही. ती शोधायला इतक्या तिखट कानांची गरज नाही. चाळीस-पन्नास वर्षांपासून यंत्रं ती मोजत आहेत. रक्ताच्या बाबतीत प्रश्न अचूकपणाचा आहे. घरगुती ग्लुकोमीटरसाठी २०१३ साली ठरलेला आंतरराष्ट्रीय निकष सांगतो की शंभराच्या वरच्या आकड्यांत शंभरातल्या ९५ मोजण्या १५ टक्क्यांच्या आत आल्या पाहिजेत. म्हणजे खरा आकडा २०० असताना मीटरने १७० किंवा २३० दाखवले तरी तो उत्तीर्ण. सुधारणेला जागा आहे ती या ठिकाणी. तिखट कान असणं आणि खरं सांगणं हे दोन वेगळे गुण आहेत, आणि निबंधांच्या मथळ्यांत पहिला गुण फार मिरवला जातो.

याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, रक्त सोडा, लाळेकडे बघा. लाळेत किंवा घामात ग्लुकोज रक्ताच्या शंभराव्या भागाइतकं, कधी त्याहून कमी असतं. तिथे ग्लुकोमीटरची पट्टी बहिरी ठरते आणि याचे कान उपयोगी पडतात. बोट टोचायला नको, सुई नको. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. इतक्या बोटांचं टोचणं वाचणार असेल तर कुणाला नको आहे?

अडचण वेगळीच आहे. हा थेंबातली साखर सांगेल, पण थेंब रक्ताची साखर सांगतो का? चहा-बिस्किट खाऊन लाळ दिली तर ती बिस्किटाची साखर सांगणार. घाम जास्त आला की पातळ होतो, कातडीवरचा मळ त्यात मिसळतो. अश्रूंची तीच गत. गूगलच्या मंडळींनी २०१४ साली डोळ्यातल्या लेन्सवर साखर मोजण्याची मोठी घोषणा केली होती. २०१८ साली त्यांच्या व्हेरिली कंपनीने तो नाद सोडला, कारण अश्रूंतल्या साखरेचा रक्तातल्या साखरेशी भरवशाचा मेळ बसेना. त्याआधी २००१ साली ग्लुकोवॉच नावाच्या मनगटी यंत्राला अमेरिकेत परवानगी मिळाली होती. ते सौम्य वीज सोडून कातडीतून द्रव ओढून घेई. कातडी लाल होऊन चुरचुरायची, आणि यंत्र बाजारातून गेलं. या दोन्हींत आपला नायक नव्हता. पण त्या वाटेवर याच्या आधी कोण कोण घसरलं हे याला ठाऊक असलेलं बरं.

शिवाय हा भोळा आहे. प्लॅटिनमच्या गेटवर इलेक्ट्रॉन देणारा कुणीही आला तरी याला ती साखरच वाटते. क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, तापावर घेतलेली पॅरासिटामॉल, सगळे त्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडतात. म्हणून गेटभोवती राखणदार बसवावा लागतो. फेंग यान यांच्याच गटाने पॉलिअॅनिलिन, नॅफिऑन आणि ग्राफीन यांचे थर चढवून हे उपटसुंभ बाहेर ठेवले आणि लाळेतलं ग्लुकोज मोजून दाखवलं. पवईत मुख्य भूमिका करणारं पॉलिअॅनिलिन इथे दारावर उभं आहे, हे वाचताना मला गंमत वाटली. आणखी एक तक्रार म्हणजे पाण्यात राहून राहून पडदा फुगतो, त्याच्या प्रवाहाची मूळ रेघ हळूहळू सरकते आणि पुन्हापुन्हा जुळवून घ्यावी लागते. एन्झाइमही अमर नाही. उष्णतेने बिघडतं, जुनं झालं की थकतं. प्रयोगशाळेतला एक झकास आलेख आणि एखाद्या आजीच्या दंडावर पंधरा दिवस टिकणारी चकती यांत जे अंतर आहे ते बहुतेक याच तक्रारींचं आहे.

याला आता एक धाकटा भाऊ झाला आहे आणि तो जरा उलट्या डोक्याचा आहे. सौदी अरेबियात तांबड्या समुद्राकाठच्या किंग अब्दुल्ला विद्यापीठात साहिका इनाल यांच्या गटाने २०२० साली असा पॉलिमर वापरला की जो एन्झाइमच्या हातून इलेक्ट्रॉन थेट घेतो. पेरॉक्साइडची मध्यस्थी नको, प्लॅटिनम नको. हा भाऊ एरवी गप्प असतो आणि साखर आली की बोलतो. त्याच पॉलिमरचं विद्युताग्र घेऊन त्यांनी ग्लुकोजवर चालणारा छोटा इंधनघटही केला. म्हणजे जी साखर मोजायची तिच्यातूनच यंत्राला वीज. हा भाऊ थोरल्याला मागे टाकेल असं मला वाटतं. प्लॅटिनम गळालं की खर्चही गळतो.

मात्र थोरल्याच्या कारकिर्दीतलं माझं आवडतं काम माणसाच्या अंगावरचं नाहीच. स्वीडनमध्ये लिंकोपिंग विद्यापीठात एलेनी स्टाव्हरिनिडू यांच्या गटाने असे ट्रान्झिस्टर अॅस्पेन झाडाच्या खोडात बसवले. वर चढणाऱ्या रसातली साखर जिवंत झाडात, झाड न तोडता, रात्रंदिवस मोजली. २०२१ साली त्यांनी सांगितलं की त्या रसातल्या सुक्रोजचं प्रमाण दिवस-रात्रीबरोबर वर-खाली होतं. हे आधी कुणी असं पाहिलं नव्हतं. इथे याचे सगळे गुण लागू पडले: ओल हवी होती, हळू चाललं तरी चालणार होतं, साखर विरळ होती, आणि चुकला तर कुणी इन्सुलिन जास्त टोचून बेशुद्ध पडणार नव्हतं. ज्यांच्या भागातल्या दोन-तीन जिल्ह्यांची अर्थव्यवस्था उसावर उभी आहे त्या आपल्या कृषी विद्यापीठांनी या कामाकडे बघायला काय हरकत आहे? कांड्यात साखर कधी किती भरते हे आपण अजून ऊस तोडून, रस काढून, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, बघूनच ठरवतो.

माणसांपुरतं सांगायचं तर कातडीला टोच न देता साखर सांगणारं एकही घड्याळ किंवा अंगठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेली नाही, असा इशारा त्या प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. दंडावर लावायच्या ज्या चकत्या मान्य आहेत त्यांची बारीक तार कातडीखाली जाते. तेव्हा कुणी ‘घामातून शुगर’ म्हणत ऑनलाइन काही विकत असेल तर कुतूहल म्हणून बघा, पण त्याच्या आकड्यावर गोळी वाढवू नका, इन्सुलिन तर मुळीच नको. त्या निर्णयासाठी बोट टोचा, नाहीतर लॅबमध्ये फास्टिंग आणि पीपी करून घ्या.